कोणती शकुंतला?

माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याने गेल्या पावसाळ्यात एक जाडजूड कात्रणवही मजकडे आणून दिली. त्याला आगगाड्यांचा छंद आहे. आणि छंद म्हणजे अर्धे वेडच, या लोकमताला त्याने आजवर कधी बाध येऊ दिलेला नाही. एंजिनांचे क्रमांक, रुळांची मापे, स्थानकांमधील अंतरे, कोणत्या वळणावर गाडीचा वेग किती उतरतो, या साऱ्या गोष्टी त्याच्या जिभेवर असतात. यवतमाळ ते मूर्तिजापूर अशी जी छोटी गाडी धावत असे, आणि जिला सारा वऱ्हाड 'शकुंतला' म्हणून ओळखतो, तिच्यावर आलेले लेख, आठवणी, प्रवासवर्णने आणि कविता त्याने अनेक वर्षे खपून जमविल्या आहेत. त्यांचे एक पुस्तक करावे की नाही, एवढाच त्याचा प्रश्न होता. मी ती वही चार रात्री जागून वाचली. माझे उत्तर 'नाही' असे आहे. आणि ते त्याला एकट्यालाच न देता कारणांसह वाचकांपुढे ठेवावे, असे वाटल्यावरून हा लेख लिहीत आहे.

वहीत एक लेख माझाही आहे. सुमारे वीस वर्षांपूर्वी एका दिवाळी अंकासाठी मी तो लिहिला होता. त्यात मी शकुंतलेच्या संथ गतीची मनमुराद स्तुती केली होती. वेगाने वेडावलेल्या या जगात एक तरी गाडी माणसाच्या श्वासाच्या तालावर चालते, अशा आशयाचे एक वाक्य मला तेव्हा फार साधल्यासारखे वाटले होते. आज ते वाचताना कान तापले. तेव्हा पुढील टीका इतरांवर आहे तितकीच, किंबहुना थोडी अधिक, माझ्यावर आहे, हे आरंभीच सांगून टाकणे बरे.

ज्यांनी ही गाडी पाहिली नाही, त्यांच्यासाठी थोडी हकीकत सांगणे अवश्य आहे. किलिक निक्सन या इंग्रज पेढीच्या पुढाकाराने १९१० च्या सुमारास सेंट्रल प्रॉव्हिन्सेस रेल्वे कंपनी स्थापन झाली. वऱ्हाडचा कापूस मुंबईच्या बंदराकडे नेणे हा तिचा उघड हेतू होता. मुंबई-नागपूर मार्गावरील मूर्तिजापूर हे स्थानक मध्ये धरून तिने दोन बाजूंस दोन फाटे काढले: एक दर्यापूर, अंजनगाव यांवरून अचलपुरास जाणारा, सुमारे ७६ किलोमीटरांचा, दुसरा कारंजा, दारव्हा यांवरून यवतमाळास येणारा, ११३ किलोमीटरांचा. दोन रुळांमधील अंतर अवघे अडीच फूट. मुख्य मार्गाचे साडेपाच. मँचेस्टरात १९२१ साली घडविलेले वाफेचे एंजिन या मार्गावर सुमारे सत्तर वर्षे राबले, आणि १९९४ च्या एप्रिलात त्याची जागा डिझेलच्या एंजिनाने घेतली. गाडी चालवी मध्य रेल्वे. पण देशातील रेल्वे सरकारच्या हाती एकवटल्यावरही या मार्गाची मालकी मात्र खाजगी कंपनीकडेच राहिली. शेवटी शेवटी यवतमाळ ते मूर्तिजापूर या प्रवासास सहा-सात तास लागत. गेल्या दशकात ही गाडी बंद पडली. २०१६ साली या मार्गाचे रूळ रुंद करण्याची घोषणा झाली. परंतु घोषणेने रूळ रुंद होत नसतात.

आता वहीकडे वळू. लेखकांत अध्यापक आहेत, वकील आहेत, निवृत्त अधिकारी आहेत, पुण्यामुंबईस स्थायिक झालेले वऱ्हाडी आहेत. भाषा बहुतेकांची चांगली आहे. काहींची तर हेवा वाटावा इतकी चांगली. तरीही दहाबारा लेख वाचून होताच एक चमत्कारिक अनुभव येतो. हे सारे लेख एकाच माणसाने लिहिले आहेत की काय, अशी शंका येऊ लागते. प्रत्येक लेखात गाडी इतकी हळू चालते, की प्रवासी खाली उतरून बोरे वेचतो आणि धावत येऊन पुन्हा डब्यात चढतो. प्रत्येक लेखात गार्ड साऱ्या गावाला नावाने ओळखतो. प्रत्येक लेखात एक आजोळ आहे, उन्हाळ्याची सुट्टी आहे, आणि खिडकीतून डोळ्यांत गेलेला कोळशाचा कण आहे. मामाच्या गावाला नेणाऱ्या आगगाडीचे गाणे ज्यांनी मराठी मुलांच्या ओठी दिले, ते ग. दि. माडगूळकर १९७३ साली याच यवतमाळात भरलेल्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष होते. त्यांचे गाणे मुलांसाठी होते, आणि मुलांसाठी ते निर्दोष आहे. परंतु आमच्या गाडीवर लिहिणारी प्रौढ माणसे त्या मुलाच्या वयापुढे सरकलीच नाहीत, हा माझा पहिला आक्षेप आहे. मामाच्या गावाला निघालेल्या मुलाला घाई नसते, तिकिटाचे पैसे त्याला द्यावयाचे नसतात, आणि परत केव्हा यावयाचे हे दुसऱ्या कोणी ठरविलेले असते. गाडीवर प्रेम करावयास ही स्थिती फार सोयीची. गाडीची परीक्षा करावयास मात्र अगदी निरुपयोगी.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. गाडी बंद पडल्याचा प्रसंग आला की जवळजवळ प्रत्येक लेखक एकच शब्दप्रयोग करतो: 'काळाच्या ओघात'. काळाच्या ओघात गाडी मंदावली, काळाच्या ओघात प्रवासी कमी झाले, काळाच्या ओघात ती थांबली. व्याकरणदृष्ट्या या वाक्यांत दोष नाही. दोष आहे तो असा, की त्यांत कर्ता नाही. कोणी काही केले नाही, कोणी काही टाळले नाही. सारे आपोआप घडले. साहित्याच्या विद्यार्थ्याला ही युक्ती ओळखीची वाटावी. 'काळाचा ओघ' म्हणजे या लेखांतील दुर्वासाचा शाप होय.

नावाच्या मोहाने ही तुलना वहीतील लेखांत वारंवार येते. राजा दुष्यंत म्हणजे सरकार, विस्मरण म्हणजे उपेक्षा, आणि अंगठी सापडताच राजास पश्चात्ताप होईल ही आशा. तुलना गोड आहे, पण ती कोठे नेते हे कोणी पाहिलेले दिसत नाही. कालिदासाने मूळ कथेत शाप घातला, त्याचा परिणाम असा झाला की राजा निर्दोष ठरला. त्याने पत्नीस ओळखले नाही, कारण त्याला ती आठवतच नव्हती. आणि आठवत नव्हती, कारण एका कोपिष्ट ऋषीने तसे शापवचन उच्चारले होते. पाचव्या अंकात कालिदासाची शकुंतलाही राजावर संतापते, हे मी विसरलेलो नाही. तथापि तिच्या संतापाला उत्तर देण्याचे दायित्व राजावर पडत नाही. ते परस्पर शापाच्या खात्यावर जमा होते. नाटक म्हणून ही योजना अपूर्व आहे. राज्यकारभाराचा नमुना म्हणून ती घातक आहे.

महाभारतातील शकुंतला निराळी आहे. तेथे दुर्वास नाही, अंगठी नाही, मासा नाही, कोळीही नाही. आदिपर्वात ती आपल्या मुलाला घेऊन थेट राजसभेत येते आणि दिलेल्या वचनाची आठवण करून देते. राजाला सर्व काही आठवत असते. आठवत असूनही तो 'मला आठवत नाही' असे म्हणतो. यावर ती रडत निघून जात नाही. ती तेथेच उभी राहून मुद्द्यामागून मुद्दा मांडते: मनुष्य जे करतो त्याला त्याचे अंतःकरणच साक्षी असते, पत्नीचा आणि पुत्राचा अधिकार काय आहे, सहस्र अश्वमेध एका पारड्यात घातले तरी सत्याचे पारडे जड होते. पुढे आकाशवाणी होऊन तिचे म्हणणे खरे ठरते, आणि राजाला कबूल करावे लागते की आपल्याला सर्व ठाऊकच होते. ही शकुंतला कोमल नाही. तिच्यावर चित्रे थोडी निघाली. पण तिने आपला हक्क मागून घेतला, आणि तो मागताना तिला कोणाच्या स्मृतीवर अवलंबून राहावे लागले नाही. साऱ्या वहीत मला कालिदासाची शकुंतला पानोपानी भेटली. व्यासांची एकदाही भेटली नाही.

व्यासांच्या शकुंतलेच्या रीतीने आपल्या गाडीची कैफियत मांडावयाची झाल्यास ती कशी मांडता येईल? काळाचा ओघ बाजूला ठेवून जे निर्णय माणसांनी घेतले, त्यांची नावे घ्यावी लागतील. माझ्या मते असे निर्णय चार आहेत.

पहिला दिशेचा. यवतमाळास रेल्वे येण्यापूर्वी येथील कापूस बैलगाड्यांतून धामणगावास जाई. मुंबईहून निघालेली मोठी रेल्वे १८६७ साली नागपुरास पोचली होती, आणि तिच्यावरील धामणगाव यवतमाळपासून सडकेने अवघे २९ मैल, म्हणजे सुमारे ४७ किलोमीटर. नकाशा पुढे घेऊन कोणाही सामान्य माणसाला रूळ टाकावयास सांगितले, तर तो यवतमाळ आणि धामणगाव यांमध्ये रेघ ओढील. प्रत्यक्षात रेघ ओढली गेली ती पश्चिमेकडे, ११३ किलोमीटरांची, मूर्तिजापूरपर्यंत. यात मूर्खपणा नव्हता. दारव्हा आणि कारंजा येथील कापूस वाटेत गोळा होत होता, आणि मुंबई त्याच बाजूस होती. कापसाच्या गाठीच्या दृष्टीने हा मार्ग अगदी सरळ आहे. परंतु गाठीला नागपुरास जावयाचे नसते, माणसाला असते. नागपूर ईशान्येस असता पश्चिमेकडे शंभरावर किलोमीटर जाऊन मग उलट येणे कोण पत्करील? म्हणून या गाडीच्या भरभराटीच्या दिवसांतही नागपूरचा यवतमाळकर प्रवासी सडकेने धामणगाव गाठी. ज्या गाडीने आपल्याला आजोळी नेले म्हणून आपण सद्गदित होतो, तिच्या मूळ आराखड्यात आपण नव्हतोच. तिच्यात गाठी होत्या, आणि उरलेल्या जागेत आपण.

दुसरा निर्णय रुंदीचा. अडीच फुटांचा रूळ स्वस्त पडतो, वळणे जवळची घेता येतात, भराव आणि पूल लहान लागतात. पण त्याची किंमत मूर्तिजापुरास चुकवावी लागे. छोटा डबा मोठ्या रुळावर चालत नाही. म्हणून प्रत्येक गाठ एका डब्यातून काढून दुसऱ्यात भरावयाची, आणि प्रत्येक प्रवाशाने मुलेबाळे, बोचकी घेऊन उतरावयाचे व दुसऱ्या गाडीची वाट पाहावयाची. जोवर हमालीचा दर हलका होता आणि सडका वाईट होत्या, तोवर हे चालले. ट्रक थेट जिनाच्या दारात येऊन उभा राहू लागला, तेव्हा ही दुहेरी चढउतार कोणास परवडणार?

तिसरा निर्णय मालकीचा. १९५१ साली मध्य रेल्वे हा विभाग निर्माण झाला, तरी आमच्या रुळांचा धनी निराळा राहिला. ज्या घराचा मालक एक आणि राहणारा दुसरा, त्या घराचे छप्पर कोण शाकारतो हे वाचकांस सांगावयास नको. रूळ जुने झाले, रूळ जुने म्हणून वेग कमी केला, वेग कमी म्हणून प्रवासी बसकडे वळले, आणि प्रवासी नाहीत म्हणून रुळांवर खर्च करणे अशक्य ठरले. या वर्तुळाला 'संथ लय' असे नाव देऊन त्याचा गौरव करणाऱ्यांत, पुन्हा सांगतो, मी होतो.

चौथा निर्णय थांबण्याचा. गाडी यवतमाळास येऊन थांबली आणि पुढे कधी गेलीच नाही. पुसद, उमरखेड आणि त्यापलीकडे नांदेड हा सारा मुलूख तसाच राहिला. पुसदने महाराष्ट्राला वसंतराव नाईक आणि सुधाकरराव नाईक असे दोन मुख्यमंत्री दिले. पहिले तर १९६३ पासून १९७५ पर्यंत त्या पदावर होते. तरीही पुसदला आगगाडी मिळाली नाही. यात काळाचा ओघ कोठे आला?

या चार गोष्टी साहित्याच्या मासिकात कशासाठी, असे कोणी विचारील. माझे उत्तर असे, की एखाद्या विषयावरील शंभर लेखांतून त्या विषयाचे मर्मच निसटत असेल, तर तो साहित्याचाच दोष आहे. इंग्रजी वाङ्मयात याचे एक बोधप्रद उदाहरण सापडते. १८४४ साली केंडलहून विंडरमियर सरोवराकडे रेल्वे नेण्याची योजना निघाली, तेव्हा वृद्ध वर्ड्‌स्वर्थने तिच्याविरुद्ध सुनीत लिहिले आणि वृत्तपत्रांत पत्रेही लिहिली. सरोवरांचा प्रदेश गजबजून जाईल, ही त्याची भीती होती; आणि गिरण्यांतून येणाऱ्या कामकरी लोकांना त्या सौंदर्याचा एकदम आस्वाद घेता येणार नाही, हेही त्याचे म्हणणे होते. १८४७ साली रेल्वे झाली आणि ते लोक आले. आज आपण वर्ड्‌स्वर्थच्या या मतावर हसतो. पण विचार करून पाहिल्यास आमचे शकुंतला-भक्त आणि तो कवी एकाच जागी उभे आहेत. त्याला देखाव्यासाठी गाडी नको होती. आम्हांला देखाव्यासाठी गाडी हवी आहे. दोघेही रुळांच्या बाजूला उभे राहून पाहात आहेत; डब्यात कोण बसले आहे, हा प्रश्न दोघांच्याही मनात येत नाही.

तो प्रश्न मला शिकविला एका विद्यार्थिनीने. ती दारव्ह्याच्या बाजूच्या एका खेड्यातली; घरी थोडी कोरडवाहू जमीन आणि कापूस. माझा दिवाळी अंकातील लेख वर्गात कोणीतरी आणला होता. तास संपल्यावर ती माझ्यापाशी आली आणि म्हणाली, "सर, लेख छान आहे. पण तुम्ही गाडीत बसलात तेव्हा तुम्हांला कुठे वेळेवर पोचायचं नव्हतं, हो ना?" मी हसून तसे कबूल केले. ती म्हणाली, "आम्हांला तिचं भाडं परवडते, सर. वेळ परवडत नाही. बसची वेळ परवडते, तर भाडं परवडत नाही." एवढे बोलून ती निघून गेली. तिच्या बोलण्यात तक्रारीचा सूर मुळीच नव्हता. बाजारभाव सांगावा तसे तिने ते सांगितले. माझ्या साऱ्या लेखात जे नव्हते ते तिच्या चार वाक्यांत होते. मला ते तेव्हाच उमगले असे मात्र नाही. त्या दिवशी मला एवढेच वाटले, की मुलगी हुशार आहे. मी काय लिहून बसलो होतो हे कळण्यास ही कात्रणवही हाती यावी लागली.

येथे एका आक्षेपाला उत्तर देणे प्राप्त आहे. कोणी म्हणेल, की ही हळवी स्मृती नसती तर गाडीची आठवण तरी कोणी ठेवली असती का? ती पुन्हा सुरू करावी अशी मागणी वर्षानुवर्षे करणाऱ्या मंडळींच्या मनात हा जिव्हाळाच आहे. हे मला मान्य आहे. प्रेमावाचून कोणी चळवळ करीत नाही, आणि ज्या गावाला आपल्या गाडीचा अभिमान नाही त्याला गाडी मिळतही नाही. माझे म्हणणे प्रेमाविरुद्ध नसून प्रेमाच्या आळसाविरुद्ध आहे. नुसत्या जिव्हाळ्याची मागणी अशी होते: 'आमची शकुंतला आम्हांला परत द्या.' ती मान्य करणे फार सोपे असते. एक रंगविलेले एंजिन चौथऱ्यावर उभे केले, दोन डब्यांत उपाहारगृह थाटले, की शकुंतला परत आली! त्या विद्यार्थिनीला मात्र त्याने दारव्ह्याहून यवतमाळास पोचता येणार नाही.

मराठी माणसाची रेल्वेविषयीची आस्था मुळात अशी नव्हती. १८४५ साली मुंबईत रेल्वेसाठी खटपट सुरू झाली, तेव्हा नाना शंकरशेट तिच्यात पुढे होते. त्यांना धुराचे कौतुक नव्हते, व्यापाराची आणि शहराची वाढ हवी होती. गोविंद नारायण माडगांवकरांनी १८६३ साली 'मुंबईचे वर्णन' प्रसिद्ध केले. त्या पुस्तकावर मुंबईचे निस्सीम प्रेम आहे, पण ते लोकसंख्येतून, व्यापाराच्या आकड्यांतून आणि एकेका संस्थेच्या हकीकतीतून व्यक्त होते. पुढे दादाभाई नौरोजी आणि गणेश व्यंकटेश जोशी यांच्यासारख्यांनी रेल्वेचा जमाखर्च मांडून विचारले, की हे रूळ कोणाच्या पैशाने पडले आणि कोणाचा माल वाहतात. आमच्या वऱ्हाडास तो प्रश्न अक्षरशः लागू होता: कापूस मँचेस्टरकडे जाई आणि एंजिन मँचेस्टरहून येई. कौतुक, हिशेब आणि जाब या तीन गोष्टी त्या पिढीत एकत्र नांदत होत्या. आमच्या पिढीने कौतुक तेवढे ठेवून घेतले.

आणि येथेच मला माझ्या विद्यार्थ्याच्या छंदाविषयी आदर वाटू लागला. कात्रणवहीच्या शेवटी त्याने स्वतःच्या हाताने लिहिलेली पंचवीस-तीस पाने आहेत. ती त्याने मला दाखविण्यासाठी ठेवली नव्हती. वही एकच असल्यामुळे ती सोबत आली. त्यांत लेख नाही, वर्णन नाही. एका स्थानकाहून दुसऱ्या स्थानकास किती मिनिटे लागली, कोठे फाटक लावण्यासाठी गाडी थांबली, कोणत्या पुलावर वेग किती ठेवावा लागला, किती माणसे कोठे चढली आणि कोठे उतरली, असे त्याच्या अनेक प्रवासांचे टिपण आहे. त्यावरून स्पष्ट दिसते, की गाडी मूर्तिजापुरास जाणाऱ्या माणसांवर चालत नव्हती. चालत होती ती मधल्या खेड्यांतून दारव्ह्यास आणि कारंज्यास बाजाराला, दवाखान्याला, कचेरीला जाणाऱ्या माणसांवर. म्हणजे ज्या गाडीची योजना दूर जाणाऱ्या गाठींसाठी झाली, तिला अखेरपर्यंत जगविले ते जवळ जाणाऱ्या माणसांनी. शकुंतलेविषयी इतके महत्त्वाचे वाक्य मला त्या साऱ्या छापील लेखांत आढळले नाही, आणि ते ज्याच्या टिपणांवरून मला सुचले त्याला आपण काही लिहिले आहे याची जाणीवही नाही. रसिक कोणास म्हणावे, हा आपल्या साहित्यशास्त्राचा जुना प्रश्न आहे. आगगाडीच्या बाबतीत तरी मी म्हणेन, की वेळापत्रक वाचतो तो रसिक.

पॅट्रिक गेडिस हे स्कॉटिश नगररचनाकार पहिल्या महायुद्धाच्या सुमारास हिंदुस्थानात आले, आणि १९१९ साली मुंबई विद्यापीठात समाजशास्त्राचे पहिले प्राध्यापक झाले. त्यांचा इंदूरविषयीचा अहवाल १९१८ चा आहे. नगराची योजना करण्यापूर्वी त्याच्या गल्लीबोळांतून पायी हिंडावे, विहिरी, तळी, झाडे, लोकांच्या येण्याजाण्याच्या वाटा पाहाव्या, आणि मगच कागदावर रेघ ओढावी. मोडतोड कमीत कमी करावी. असा त्यांचा आग्रह असे. माझ्या विद्यार्थ्याने अडीच फुटांच्या रुळांवर नकळत तेच केले आहे.

हे सारे आज उकरून काढण्याचे कारण निव्वळ वाङ्मयीन नाही. वर्धा-यवतमाळ-नांदेड हा नवा रुंद मार्ग २००८-०९ च्या सुमारास मंजूर झाला. त्याची लांबी २८४ किलोमीटर असून तो कळंब, यवतमाळ, दारव्हा, दिग्रस, पुसद, उमरखेड असा जातो. २८ फेब्रुवारी २०२४ रोजी त्यावरील वर्धा ते कळंब हा टप्पा खुला झाला. शंभर वर्षांत प्रथमच यवतमाळचे रूळ नागपूरकडे आणि मराठवाड्याकडे तोंड करून निघाले आहेत, आणि प्रथमच त्यांच्या आराखड्यात गाठींबरोबर माणसेही आहेत. जे चार निर्णय मी वर सांगितले, त्यांपैकी तीन या नव्या मार्गाने एका झटक्यात फिरविले आहेत: दिशा, रुंदी आणि मालकी. चौथाही फिरेल, जर रूळ यवतमाळास न थांबता पुसदपर्यंत आणि पुढे नांदेडपर्यंत गेले तर.

पण रूळ पडले म्हणजे काम झाले असे नव्हे, हे शकुंतलेने आम्हांला शिकविले नसेल तर दुसरे काय शिकविले? गाडी वर्ध्यास कोणत्या वेळी पोचावी, म्हणजे मुंबईच्या आणि नागपूरच्या गाड्या गाठता येतील? यवतमाळच्या स्टेशनावर उतरलेल्या माणसाला बसस्थानकाकडे आणि वसंतराव नाईकांच्या नावाच्या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयाकडे न्यावयास शहराची बस असेल, की रिक्षावाल्याशी घासाघीस हेच त्याचे स्वागत असेल? दारव्हा आणि दिग्रस येथे सकाळी येऊन संध्याकाळी परत जाणाऱ्यांसाठी सवडीची गाडी असेल, की दूरच्या प्रवाशांच्या गाड्या तेथून शिटी वाजवीत निघून जातील? जुन्या अडीच फुटी मार्गाच्या जागेचे गावातून काय होणार? हे प्रश्न रुक्ष आहेत. यांवर ललित लेख होणार नाहीत. परंतु आणखी पन्नास वर्षांनी दुसरा एखादा प्राध्यापक दुसरी एखादी कात्रणवही वाचीत बसेल, तेव्हा 'काळाच्या ओघात' हे शब्द त्याला पुन्हा पानोपानी दिसू नयेत, असे वाटत असेल तर ते आजच विचारले पाहिजेत, आणि सभेत उभे राहून विचारले पाहिजेत.

असो. गेल्या आठवड्यात मी ती वही परत केली. कात्रणांचे पुस्तक करू नकोस, असे सांगितल्यावर त्याचा चेहरा उतरला. मग मी त्याची ती हस्तलिखित पाने उघडून त्याच्यापुढे ठेवली आणि म्हटले, की हे पुस्तक कर. ही तर नुसती आकडेमोड आहे, हिला कोण वाचणार, असे तो म्हणाला. मी त्याला त्या विद्यार्थिनीची हकीकत सांगितली. तो बराच वेळ काही बोलला नाही. नंतर त्याने विचारले, "सर, सुरुवात कुठून करू? मूर्तिजापूरपासून की यवतमाळपासून?"

मी म्हटले, "धामणगावपासून. जेथे रूळ पडलेच नाहीत, तेथपासून."

दुसऱ्या दिवशी सकाळी तो सडकेने धामणगावास गेला, आणि वाटेतील गावांची नावे लिहून घेऊन आला.